सनद मिळाली, पुढे काय?

सांगवीसारख्या गावातली आपली लेकरे काळा कोट घालून बारामतीच्या कोर्टात उभी राहावीत, ही आमची आस. पण वकिलांच्या संस्थेत नेतृत्व कधी?

१९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार राज्य बार कौन्सिलवर निवडून येणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे सदस्य किमान १० वर्षे सनदधारक असावे लागतात. गरिबाने तोवर तग कसा धरावा? ग्रामीण ज्युनिअरला दरमहा किमान १५,००० रुपये द्यावेत, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सुचविले, सक्ती नाही.

१९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेल्या बाबासाहेबांनाही १९२३ मध्ये सनदेसाठी मित्र नवल भथेना यांनी पैसे दिले. बंधुभगिनींनो, विहाराच्या दानातून एका नव्या वकिलाला तीन वर्षे विद्यावेतन देऊ या! जयभीम!