लॉगबुकातले अडीचशे तास

अमेरिकी लष्करात वर्षानुवर्षं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर उडवलेला वैमानिक प्रवासी विमान कंपनीकडे वळतो, तेव्हा लॉगबुक तासांनी भरलेलं असतं. घोडं अडतं ते एकाच रकान्यात.

२००९मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळून ५० माणसं गेली. त्या अपघातानंतर नियम कडक झाले आणि २०१३पासून सहवैमानिकालाही एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटचा परवाना, म्हणजे एरवी १,५०० तासांचा अनुभव, सक्तीचा झाला. (त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांकडे याहून जास्त तास होते.) लष्करी वैमानिकाला सवलत आहे: ७५० तास पुरतात आणि त्यांत हेलिकॉप्टरचे तासही धरले जातात. मात्र २५० तास विमानातलेच हवेत, तेही मुख्य वैमानिक म्हणून. नाइट व्हिजन गॉगल लावून काढलेल्या रात्री या रकान्यात शून्य.

लष्करी पात्रतेवर एक लेखी परीक्षा दिली की नागरी कमर्शियल परवाना हातात येतो, पण हेलिकॉप्टरपुरता. त्यावर विमानाचं रेटिंग, मग दोन इंजिनांचं. उरलेले तास छोट्या सेसना विमानात जमवायचे. हा खर्च मोठा. म्हणून काही रीजनल कंपन्यांनी नोकरीच्या बोलीवर तो उचलायला सुरुवात केली.

अडीचशे तासांचा हा नियम हटवादी वाटतो, पण कॉकपिटमध्ये बसलं की पटतो. हेलिकॉप्टरमध्ये डाव्या हातात कलेक्टिव्ह. तो वर ओढला की यंत्र उचललं जातं. उजव्या हातात सायक्लिक. सेसनात डावीकडे बसल्यावर हातांची अदलाबदल: डाव्यात योक, उजव्यात थ्रॉटल, तोही पुढे ढकलायचा. शिवाय हेलिकॉप्टर आधी थांबतं, मग टेकतं; विमान आधी टेकतं, मग थांबतं. उतरताना वेग मारत नेण्याची मुरलेली सवय इथे घातक ठरते. फार हळू झालं की पंखांची उचल सुटते, म्हणजे स्टॉल. अशा वेळी विमान खाली बसू लागतं आणि हात आपोआप ओढायला जातो. योक ओढला तर स्टॉल आणखी बळावतो. नाक खाली करावं लागतं. हे डोक्याला पाच मिनिटांत कळतं, हाताला वेळ लागतो.

पुढे ३० तासांचा वर्ग, १० तास सिम्युलेटर, परवान्याची परीक्षा आणि कंपनीचं जेट-प्रशिक्षण. तिथे सहवैमानिक उजवीकडे बसतो, त्यामुळे इंजिनांची ताकद पुन्हा डाव्या हातात येते. दोघांनी मिळून कॉकपिट चालवणं, एकमेकांना टोकणं, चेकलिस्ट मोठ्याने वाचणं हे तर लष्करी वैमानिकाच्या अंगवळणी पडलेलंच असतं. अडखळतो तो सेसनात एकट्याने तास काढलेला नागरी पोरगा.