माईक का ओरडतो?

सत्कार समारंभ असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की लग्न, हल्ली व्यासपीठाच्या बाजूला मोठा पडदा लावलेला असतो. कॅमेरा चित्रण करतो आणि तेच चित्र लगेच पडद्यावर दिसतं. मागच्या रांगेतल्या माणसालाही वक्त्याचा चेहरा दिसतो. सोय चांगली आहे. पण पुष्कळदा वक्ता बोलायला उभा राहिला रे राहिला, की 'कूंऽऽ' अशी कर्कश शिट्टी वाजते. लोक कानांवर हात ठेवतात. साऊंडवाला आवाज उतरवतो. शिट्टी थांबते खरी, पण मग वक्ताही ऐकू येत नाही.

'मशीनच खराब आहे,' असं म्हणून लोक मोकळे होतात. मी ध्वनियोजनेचं काम करतो आणि माझा अनुभव असा, की बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. चुकलेला असतो तो आवाजाचा रस्ता.

वक्त्याचा आवाज माईकमध्ये जातो, अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवतो आणि स्पीकर तो बाहेर सोडतो. हाच आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला, की पुन्हा वाढतो. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्पीकर साडेतीन मीटरवर असेल, तर एका सेकंदात अशा जवळजवळ १०० फेऱ्या होतात. एका फेरीत जेवढा आवाज विरतो त्याहून जास्त वाढला, की चक्रवाढ व्याजासारखा तो फुगत जातो. त्या जागेला आणि त्या यंत्रांना जो स्वर सर्वांत जास्त मानवतो, तो सगळ्यांच्या पुढे धावतो. म्हणून गोंगाट न होता एकाच स्वराची शिट्टी वाजते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून याला 'लार्सन परिणाम' म्हणतात.

पडदा आला, की या रस्त्याला दुसरी वाट फुटते. कॅमेऱ्याला स्वतःचा माईक असतो आणि कॅमेरा उभा असतो सभागृहात, स्पीकरच्या तोंडासमोर. त्याची एचडीएमआय केबल चित्राबरोबर आवाजही नेते. प्रोजेक्टरला किंवा मधल्या लॅपटॉपला छोटा स्पीकर असला, की नवी फेरी सुरू! साऊंडवाला आपला मिक्सर उतरवत राहतो, पण शिट्टी येत असते शूटिंगवाल्याच्या तारेतून. दोघांची कंत्राटं वेगळी, टेबलं वेगळी आणि एकमेकांशी बोलणं नाही.

उपाय सोपा आहे. प्रोजेक्टरकडे फक्त चित्र जाऊ द्यावं. त्याचा आणि लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद ठेवावा. चित्रणासाठी लागणारा आवाज मिक्सरमधून थेट तारेनं कॅमेऱ्यात घ्यावा. मात्र मिक्सरचा सिग्नल माईकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी जोरकस असतो. कॅमेऱ्यात 'लाइन' ही सोय निवडली नाही, तर आवाज फाटतो. आणि कॅमेऱ्यातला आवाज परत मिक्सरकडे कधीही आणू नये. तो ऐकायचा तर शूटिंगवाल्यानं हेडफोनवर ऐकावा. रेडिओच्या स्टुडिओत हाच नियम असतो. निवेदकाचा माईक सुरू झाला, की त्या खोलीतला स्पीकर गप्प होतो आणि निवेदक हेडफोन लावतो.

आता व्यासपीठाकडे वळू. स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. माईक तोंडाजवळ धरावा. अंतर निम्मं झालं, की माईकला आवाज सुमारे ६ डेसिबल जास्त मिळतो आणि मिक्सर तेवढा उतरवता येतो. माईकची जाळी मुठीत धरू नये. मागून येणारा आवाज टाळण्याची माईकची क्षमता त्यामुळे जाते. ज्या माईकवर कुणी बोलत नाही, तो बंद ठेवावा. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली, की आवाज चढवायची मर्यादा साधारण ३ डेसिबलनं खाली येते. एवढं करूनही एखादा स्वर डोकं वर काढत असेल, तर इक्वलायझरवर तेवढाच स्वर दाबावा. इक्वलायझर हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

एवढा खटाटोप कशासाठी? ऐंशी वर्षांच्या निवृत्त बाई सत्काराला उत्तर द्यायला उभ्या राहतात. आवाज आधीच बारीक. शिट्टीनं दचकून त्या माईकपासून मागे सरकतात. ऐकू यावं म्हणून साऊंडवाला आवाज चढवतो आणि शिट्टी दुप्पट होते. दोन वाक्यांत आभार मानून बाई खाली बसतात. मनात योजलेलं बोलणं मनातच राहतं. चित्रणातली शिट्टीही नंतर नीट पुसता येत नाही, कारण ती काढताना बाईंच्या आवाजातले तेच स्वर निघून जातात. घरच्यांकडे पुढे जपण्यासारखं तेवढंच असतं.

म्हणून संयोजकांना माझी एकच विनंती आहे. कार्यक्रमाआधी अर्धा तास साऊंडवाल्याला आणि शूटिंगवाल्याला एका टेबलाशी उभं करा आणि विचारा, 'आवाज कुठून निघतो आणि कुठे कुठे जातो?' दोघांनी मिळून तो रस्ता बोटानं दाखवावा. जिथे तो फिरून माईककडे येतो, तिथे तो तोडावा. मग माईक हळूहळू चढवून पाहावा, शिट्टीची चाहूल लागताच थोडा खाली घ्यावा आणि तिथेच ठेवावा. पाहुणे यायच्या आत हे काम उरकतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)