फोन नव्हे, वही वाचवायची होती

दिवाळी पाडवा आठवड्यावर आला असताना आमच्या पेढीवरचा फोन बिघडला. बटण दाबले की बोधचिन्ह उमटे, मिनिटभर थांबे, अंधार होई आणि पुन्हा तेच चिन्ह. वर्षभराच्या उधारीची खतावणी त्याच फोनात होती. तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

उत्पादक कंपनीने या फोनचे अपडेट थांबविल्यावर पुतण्याने त्यात 'लिनिएजओएस' ही प्रणाली बसविली होती. २०१६ च्या अखेरीस 'सायनोजेनमॉड' बंद पडल्यावर अँड्रॉइडवर आधारलेली ही प्रणाली तिच्या वारशातून उभी राहिली. स्वयंसेवक ती सांभाळतात. दोन वर्षे काम सुरळीत चालले. त्या रात्री मात्र अपडेट अर्ध्यावर असताना बॅटरी संपली.

दुरुस्तीच्या दुकानात उत्तर मिळाले, "फॉरमॅट मारू, लगेच चालू होईल." ते खोटे नव्हते. परंतु आजच्या फोनांतील माहिती सांकेतिक रूपात साठविलेली असते. फॉरमॅट करताना तिची किल्लीच नष्ट होते; नंतर चिप काढून पाहिली तरी काही वाचता येत नाही. पुतण्या म्हणाला, "काका, घाई नको. आपल्याला फोन नव्हे, वही वाचवायची आहे."

त्याने समजावून सांगितले ते असे. फोनची साठवण कप्प्यांत विभागलेली असते. एकात प्रणाली, दुसऱ्यात आपली माहिती, तिसऱ्यात 'रिकव्हरी' हा छोटा स्वतंत्र प्रोग्राम. मोडला होता तो पहिला कप्पा.

प्रथम फोन पुरेसा चार्ज केला. मग पॉवर आणि आवाजाचे बटण एकत्र दाबून रिकव्हरी उघडली. कोणते बटण, हे मॉडेलनुसार बदलते. संगणकावर नेमक्या त्याच मॉडेलची, त्याच आवृत्तीची फाइल उतरवून तिचा पडताळणी-अंक जुळविला. केबल जोडून 'साइडलोड'ने ती फोनात पाठविली. 'फॅक्टरी रीसेट'ला हात लावला नाही. संगणकावरचा आकडा ४७ टक्क्यांवर थांबला तेव्हा माझा धीर सुटला. पण तेथे थांबणे हे बहुधा काम पूर्ण झाल्याचेच लक्षण असते.

पहिल्यांदा सुरू होण्यास फोनने बराच वेळ घेतला. मग खतावणी उघडली. एकही नोंद गळाली नव्हती.

वाचकहो, हे यश सर्वांना लाभेलच असे नाही. रिकव्हरीही उघडत नसेल तर कंपनीची मूळ प्रणाली पुन्हा भरावी लागते, आणि त्यात माहिती बहुधा पुसली जाते. असा प्रयोग नव्याने करताना बूटलोडरचे कुलूप उघडावे लागते. तेवढ्यानेही फोन रिकामा होतो. शिवाय काही बँकांची अ‍ॅप अशा फोनवर चालत नाहीत.

आमच्या फोनचा दुसरा कप्पा मोडला असता, तर कोणाकडे किती येणे आहे हे ग्राहकांनाच विचारावे लागले असते. आता रोज रात्री रोजमेळ जुळला की खतावणीची प्रत संगणकात उतरते. त्यानंतरच पेढीचे दार लागते.