पिशवीकडे बोट, गोठ्याकडे पाठ

दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्यासाठी साठवणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. सवय चांगलीच. पण दुधामुळे पर्यावरणावर पडणाऱ्या भाराचा विषय निघाला की चर्चा पिशवीपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. प्रत्यक्षात एक लिटर दुधामागे जे हरितगृह वायू हवेत जातात, त्यात पिशवी आणि टँकर यांचा वाटा लहान असतो. मोठा भाग दूध गोठ्याबाहेर पडण्याआधीच हवेत गेलेला असतो.

गोठा म्हटलं की संशय शेणावर जातो. पण मिथेनचा मुख्य उगम गायी-म्हशींच्या कोठीपोटात आहे. तिथले सूक्ष्मजीव चारा आंबवतात, त्यातून हायड्रोजन सुटतो, आणि त्याचाच काही सूक्ष्मजीव मिथेन करतात. हा वायू जवळपास सगळा तोंडावाटे, ढेकरांतून बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापदायक, पण हवेत टिकतो साधारण १२ वर्षंच. म्हणजे तो आज कमी केला तर गुण आपल्याच हयातीत दिसेल. शिवाय चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के अशी ढेकरांत उडून जाते. पेंडीचे भाव पाहता हा तोटा शेतकऱ्याच्याही खिशाचा आहे.

शेणाचं म्हणाल तर उकिरड्यात हवा खेळते, त्यामुळे तिथे मिथेन कमी तयार होतो. तेच शेण पाण्यानं वाहवून खड्ड्यात साठवलं की हवा तुटते आणि मिथेन भरभरून सुटतो. त्यामुळे गोठा मोठा आणि चकाचक झाला की तो आपोआप पर्यावरणाला बरा, असं समजू नये. स्लरीच्या खड्ड्याला बायोगॅसची जोड हवीच, आणि संयंत्र गळकं असता कामा नये.

सगळ्यात जोरात वाद होतो तो देशी गायीवरून. ती कमी खाते, म्हणून कमी मिथेन सोडते, हे खरं. पण दूध किती देते? दिवसाला ३ लिटर देणारी गाय असो की १२ लिटर देणारी, आधी स्वतःचं शरीर पोसण्यापुरता चारा दोघींनाही लागतो. तो खर्च ३ लिटरांवर वाटला की प्रत्येक लिटरचा भार वाढतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबानुसार २००५ ते २०१५ या काळात जगभरात गायीच्या एक किलो दुधामागचं उत्सर्जन २.८ वरून २.५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं खाली आलं. मात्र उत्पादन ३० टक्क्यांनी वाढल्यामुळे एकूण उत्सर्जन १८ टक्क्यांनी वाढलंच. यातला एकच आकडा सांगणाऱ्यापासून सावध राहिलेलं बरं.

देशी गायीच्या बाजूनंही बोलायला हवं. ती उन्हाला टिकते आणि माणसाला न खाता येणाऱ्या कडब्याचं दूध करते. तिच्यासाठी विहिरीचं पाणी उपसून हिरवा चारा पिकवावा लागतोच असं नाही. म्हणून मला ‘देशी की संकरित’ या भांडणापेक्षा भाकड दिवस महत्त्वाचे वाटतात. कालवड उशिरा गाभण राहिली, माज ओळखता आला नाही, दोन वेतांतलं अंतर लांबलं, की जनावर महिनोन्‌महिने खातं आणि ढेकर देतं, पण चरवीत थेंब पडत नाही. खनिज मिश्रण आणि गोठ्यातल्याच चाऱ्याचा नीट हिशेब यानं इथे फरक पडतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमात लिटरमागचा मिथेन १२ ते १५ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. उसाच्या वाड्यावर गाय जगवणाऱ्यांनी तर हे पाहावंच. वाड्यातलं ऑक्झलेट तिच्या अंगातलं कॅल्शियम अडवतं.

मिथेन रोखणाऱ्या पूरक खाद्याबद्दलची भीती नवी आहे. २०२४च्या अखेरीस ब्रिटनमध्ये काहींनी दूध मोरीत ओतून त्याचे व्हिडिओ टाकले. त्या खाद्यातलं रसायन गायीच्या पोटातच विघटित होतं, दुधात उतरत नाही. युरोपीय संघानं २०२२मध्ये आणि अमेरिकेनं २०२४मध्ये ते तपासून वाट मोकळी केली. त्यानं दुभत्या गायींचा मिथेन सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. खरी अडचण वेगळी आहे. ते रोज, मापानं, खाद्यात मिसळून द्यावं लागतं. दोन म्हशी बांधावर चारणाऱ्याला हे जमायचं कसं? बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेनं टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ बनवलं आहे. त्यानं मिथेन १७ ते २० टक्के घटतो. पण वाटपाचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

आता कारखाना. दूध तापवण्यातच सगळं इंधन जळतं, ही समजूत अर्धवट आहे. पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात आणि बाहेर पडणाऱ्या गरम दुधाच्या उष्णतेनंच आत येणारं गार दूध तापतं. चांगल्या यंत्रात ९० टक्क्यांहून अधिक उष्णता अशी परत मिळते. इंधन खरं खातं ते पावडर करणं, कारण तिथे दुधातलं जवळजवळ सगळं पाणी उडवायचं असतं.

दुर्लक्ष होतं ते सांडपाण्याकडे. दूध पौष्टिक, मग ओढ्यात गेलं तर काय बिघडलं? पौष्टिक आहे म्हणूनच बिघडतं. ते कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. एक लिटर दूध सांडलं तर सुमारे दोन माणसांच्या दिवसभराच्या सांडपाण्याइतका भार पाण्यावर पडतो. नळ्या धुण्याआधी त्यांत अडकलेलं दूध हवेच्या दाबानं ढकलून काढणं हा म्हणूनच स्वस्तातला मोठा उपाय. पनीरची निवळीही घरगुती सांडपाण्याच्या शंभरपट जड असू शकते. मोठे प्रकल्प ती आटवून पावडर विकतात. छोट्या पनीरवाल्याला ते यंत्र परवडत नाही, म्हणून त्याची निवळी गटारात जाते. गावोगावचं दूध दिवसातून दोनदा गोळा करणाऱ्या संघांना निवळीचा एक टँकर फिरवणं अवघड नसावं.