पुलाखालून वाघ

नागपूर ओलांडलं की राष्ट्रीय महामार्ग ४४ मनसर, देवलापार करत खवासाकडे जातो. हा रस्ता पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. चौपदरीकरणाचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात गाजला, आणि मग महाराष्ट्राच्या हद्दीत रस्त्याखालून वन्यप्राण्यांसाठी नऊ मार्ग निघाले: पाच खास भुयारी मार्ग, चार छोटे पूल. सर्वांत लहान ५० मीटर रुंद, सर्वांत मोठा तब्बल ७५० मीटर.

एवढा खर्च कशासाठी? नुसतं अभयारण्य राखून वाघ टिकत नाही. वयात आलेला नर आईचा इलाखा सोडून निघतो. त्याची वाट तुटली, तर जंगलाचं बेट होतं आणि आपसातच प्रजनन होऊन वंश कमजोर पडतो.

पण प्राणी पुलाखालून जातील का? शंका रास्त होती. भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथं कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबर २०१९ मध्ये १८ जातींचे वन्यप्राणी टिपले गेले, वाघ ८९ वेळा. चितळ तर कळपानं जातात. वर ट्रकांचा गोंगाट. त्यावर उपाय म्हणून कडेला आवाज आणि उजेड अडवणाऱ्या भिंती आहेत.

मला विचाराल तर, जागा चुकली असती तर हेच काँक्रीट वाया गेलं असतं. प्राणी आधी कुठून रस्ता ओलांडत होते, हे पाहणंच इथं मोलाचं.