उंबराचे फूल

क्वचितच दृष्टीस पडणाऱ्या माणसास ‘उंबराचे फूल’ म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः उंबराला असंख्य फुले येतात. परंतु ती फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत दडलेली असतात. गांधीलमाशीची दूरची आप्त असलेली एक इवली मादी अंगावर पराग घेऊन अरुंद छिद्रातून आत शिरते. त्या धडपडीत तिचे पंख बहुधा तुटतात. ती फुलांना पराग देते, काहींत अंडी घालते आणि तेथेच मरते. तिच्या लेकी पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. सहा कोटींहून अधिक वर्षांच्या उत्क्रांतीत उंबराचे कुळ व या कीटकांचे कुळ परस्परांना अनुरूप होत आले. उंबर तुटले, तर कीटकाला थारा नाही. कीटक नष्ट झाला, तर उंबराला बी धरणार नाही.