बुखारेस्टची सोडत
अनाथालयात वाढलेल्या मुलांचा मेंदू मागे पडतो, कारण मुळातच अशक्त मुलं तिथे उरतात, हा आक्षेप रास्त होता. रोमानियातल्या बुखारेस्टला २००० साली सुरू झालेल्या अभ्यासाने तो खोडला. संस्थांमधल्या १३६ मुलांपैकी निम्मी सोडतीने पालक-कुटुंबांत गेली (अशी कुटुंबं तेव्हा तिथे जवळपास नव्हतीच). दोन वर्षांची होण्याआधी गेलेल्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी आठव्या वर्षी घरी वाढलेल्या मुलांसारख्या दिसल्या. म्हणून सगळं भरून निघालं असं नाही. करड्या भागाचं घटलेलं आकारमान तसंच राहिलं. संस्थेतलं असं वाढणं ही उपेक्षा झाली, ताण नव्हे, असंही कुणी म्हणेल. पण रडूनही कुणी उचलून घेत नाही, यापरता तान्ह्या जिवाला ताण तो कोणता? संस्थेतच राहिलेल्यांचा तणावाला मिळणारा कॉर्टिसॉलचा प्रतिसाद बाराव्या वर्षाच्या सुमारास बोथट आढळला.